नवे पॅड टाकूनही पिकअपचा तोच पॅड पुन्हा पुन्हा संपतो? आधी जुना पॅड नीट बघा

तक्रार नेहमीचीच आहे. नारळी पौर्णिमेच्या आधी पुढच्या चाकांना ब्रेकचे नवे डिस्क पॅड टाकले, गाडी मासळीच्या धक्क्यावर कामाला लागली, आणि दिवाळीचे कंदील लागेपर्यंत डाव्या चाकातून ‘कर्र्र’ सुरू. गॅरेजवाला चाक खोलतो, पत्र्यापर्यंत गेलेला आतला पॅड हातात देतो आणि म्हणतो, “शेठ, माल डुप्लिकेट लागला. आता कंपनीचा टाकू.” कंपनीचा टाकतो. शिमग्याला पुन्हा तेच चाक, तोच पॅड, तोच संवाद.

यात एक साधी गोष्ट कुणी विचारत नाही. पॅडच्या डब्यात चार नग असतात, चारही एकाच मालाचे. त्यातला एकच संपला आणि उरलेल्या तिघांवर अर्ध्याहून जास्त लायनिंग (डिस्कला घासणारा थर) शिल्लक आहे, तर दोष मालाचा कसा? डुप्लिकेट माल बाजारात आहे, पोत्याने आहे, पण तो झिजला तर चारही ठिकाणी झिजेल. एकच पॅड खाल्ला जात असेल तर खाणारा गाडीतच बसलाय. त्याला न शोधता पॅड बदलत राहिलात तर दुकानदाराचं भलं होईल, गाडीचं नाही.

घरची गाडी मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणते, म्हणून उदाहरणं तिकडची येतील. भाजी, पाण्याच्या बाटल्या किंवा फर्निचर वाहणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडतं. बोलेरो पिकअप, इंट्रा, दोस्त या वर्गातल्या गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम असतो. पुढचे पॅड घरी बदलता येतात. हाताशी पाने आणि सपाट जागा असली की दुपार पुरते.

कॅलिपर कसा चालतो

कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने पकडणारा चिमटा. त्यातला पिस्टन (काही गाड्यांत एक, काहींत दोन) फक्त आतल्या म्हणजे चासीकडच्या बाजूला असतो. पेडल दाबलं की तो आतला पॅड डिस्कवर दाबतो. डिस्क बाजूला सरकू शकत नाही, म्हणून अख्खा कॅलिपरच दोन पिनांवरून आतल्या अंगाला सरकतो आणि बाहेरचा पॅड ओढून डिस्कला टेकवतो. पाय उचलल्यावर पिस्टन मागे येतो तो स्प्रिंगने नाही. त्याच्याभोवती चौकोनी छेदाची रबरी सील असते. दाबाखाली ती किंचित पिळली जाते आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला सोबत मागे आणते. हे मागे येणं मिलिमीटरच्या काही अंशांचंच. त्यामुळे पिनेवरचं ग्रीस सुकलं किंवा पिस्टनच्या कडेला जरासा गंज धरला, एवढंही पुरतं. पॅड सुटत नाही, गाडी चालेल तितका वेळ डिस्कला घासत राहतो.

जुने पॅड काय सांगतात

पॅड काढतानाच मागच्या पत्र्यावर मार्करने लिहा: डावा आत, डावा बाहेर, उजवा आत, उजवा बाहेर. हे केलं नाही तर चार काळे तुकडे हातात राहतात आणि त्यातून काहीच कळत नाही. जाडी मोजायची ती फक्त लायनिंगची, मागचा पत्रा सोडून. नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिमी लायनिंग असतं. ३ मिमीवर आलं की बदलायचं. २ मिमीवर गाडी धंद्याला पाठवायचीच नाही.

आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच जास्त झिजला असेल तर कॅलिपर पिनांवरून सरकत नाही, किंवा पिस्टन मागे येत नाही. पिना अडकल्या की पिस्टन एकटा आतल्या पॅडकडून काम करून घेतो आणि बाहेरचा नुसता बघत बसतो. उलट बाहेरचा जास्त झिजला असेल तर कॅलिपर आत सरकतो पण परत येत नाही. तिथेही संशय पिनांवरच.

पॅड तिरका झिजला असेल, म्हणजे एका टोकाला ७ मिमी आणि दुसऱ्या टोकाला ३, तर दोनपैकी एकच पिन जाम आहे, किंवा पॅडचे कान (दोन टोकांचे उंचवटे) ब्रॅकेटच्या, म्हणजे पॅड धरणाऱ्या चौकटीच्या, खाचेत गंजामुळे अडकतायत. हे कान फार दुर्लक्षित असतात. नवा पॅड खाचेत हाताने सहज सरकला पाहिजे. हातोडीने ठोकून बसवावा लागला तर तो परत कधीच सुटणार नाही, हे तिथेच समजून घ्या.

एका चाकाचे दोन्ही पॅड संपलेत आणि दुसऱ्या चाकाचे चांगले आहेत, असं असेल तर त्या बाजूचा पिस्टन किंवा कॅलिपरला ऑइल नेणारा रबरी होज बघायचा. आणि चारही सारखे झिजलेत पण फार लवकर झिजलेत, तर पुढचं सगळं ठीक असू शकतं. तेव्हा मागच्या चाकांकडे, मालाच्या वजनाकडे आणि चालवणाऱ्याच्या पायाकडे वळायचं. त्यावर खाली सविस्तर लिहिलंय, कारण पिकअपमध्ये सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते.

चाक उचलण्याआधी

सोसायटीच्या आवारात पेव्हर ब्लॉक असतील तर त्यावर थेट जॅक लावू नका. ब्लॉकखालची वाळू पावसात वाहून गेलेली असते. वजन आलं की एक ब्लॉक खचतो आणि जॅक तिरका होतो. दीड-दोन इंच जाडीची रुंद फळी टाका. गटाराच्या झाकणापासून दूर राहा. सेक्रेटरीसाहेबांना आधी सांगून ठेवलेलं बरं. अर्धं चाक उघडं असताना वाद घालायला मजा येत नाही.

गाडी रिकामी हवी. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि मागच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा ढिले करा, मग उचला आणि लगेच चासीखाली स्टँड लावा. जॅकच्या भरवशावर हात किंवा डोकं आत घालायचं नाही. काढलेलं चाक चासीखाली आडवं सरकवून ठेवलं तर आणखी एक आधार होतो.

एका वेळी एकच बाजू खोला. दुसरी बाजू नमुन्याला राहते. क्लिप कुठल्या अंगाने बसते हा प्रश्न नेहमी जोडताना पडतो.

साहित्य फार लागत नाही: बोल्टाच्या मापाचे पाने, मोठा सी-क्लॅम्प, वायर ब्रश, पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनर, तार, आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस. हत्यारं नागदेवीला एका फेरीत मिळतात. पॅड आणि कॅलिपर किट (सील, बूट वगैरे) ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत बघा, आणि जाताना जुना पॅड सोबत न्या. एकाच मॉडेलमध्ये सालाप्रमाणे पॅडचा आकार बदललेला असतो, तोंडी सांगून भागत नाही. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुने कॅलिपरही मिळतात. मी ब्रेकचा कुठलाही जुना भाग घेत नाही. दरवाजा, आरसा, बंपर खुशाल घ्या.

खोलताना

चाक निघालं की आधी नुसतं बघा. कॅलिपरभोवती ओल आहे का? ब्रेक ऑइल गळत असेल तर काम इथेच थांबवा, हा फक्त पॅडचा मामला राहिलेला नाही. काळी भुकटी हवेच्या पाइपने किंवा फुंकरीने उडवू नका. जुन्या किंवा स्वस्त लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते फुफ्फुसात गेलं की बाहेर येत नाही. ब्रेक क्लीनर मारा किंवा ओल्या फडक्याने पुसा.

बहुतेक कॅलिपरना वर आणि खाली एकेक बोल्ट असतो. खालचा काढला की कॅलिपर वरच्या पिनेवर फिरवून वर उचलता येतो. पूर्ण काढावा लागला तर स्प्रिंगला किंवा चासीला तारेने बांधा. रबरी होजवर त्याचं वजन लोंबकळू देऊ नका. होज बाहेरून ठीक दिसतो आणि आतून फाटतो.

पॅड निघाले की डिस्क बघा. कडेला उभा राहिलेला कंगोरा आणि मधल्या खोल रेघा नखाला लागत असतील तर नवे पॅड डिस्कच्या उंचवट्यांनाच टेकतील. डिस्कच्या काठावर किंवा हबजवळ किमान जाडी ठोकलेली असते, ती मोजा. लेथवर फेसिंग करून (घासून सपाट करून) डिस्क त्या आकड्याच्या खाली जाणार असेल तर नवी घ्या. पेडल पायाखाली धडधडत असेल तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नाही, तेव्हाही लेथ किंवा नवी डिस्क हेच पर्याय.

मग पिना. कॅलिपर ब्रॅकेटमधल्या दोन्ही पिना हाताने ओढून बघा. चांगली पिन बोटांच्या जोराने मागेपुढे सरकते, बाहेर ओढली की हलका ‘पुक्’ आवाज येतो. मासळीच्या गाडीत खालची पिन बहुधा वेगळीच कहाणी सांगते. पिनेवरच्या रबरी टोपीच्या, म्हणजे बूटच्या, घडीत पांढरी भुकटी साचलेली असते, बोटाला खरखरीत लागणारी. ते मीठ. धक्क्याची जमीन कधी कोरडी नसते, बर्फाचं आणि क्रेटमधलं खारं पाणी चाकांखाली साचलेलं असतं, ते उडतं आणि बूटच्या एखाद्या बारीक चिरेतून आत शिरतं. पिन फिरवत फिरवत बाहेर काढली की तिच्या मध्यावर तपकिरी कडं दिसतं, ग्रीसच्या जागी वाळलेली खपली असते आणि भोकातून गंजाचा चुरा पडतो. इतकं झाल्यावर पॅड आतूनच खाल्ला जाणार, डब्यावर कुणाचंही नाव असो.

किरकोळ गंज असेल तर पिन बारीक पॉलिश पेपरने साफ करा आणि भोक कापड गुंडाळलेल्या काडीने पुसून काढा. पिनेवर खड्डे पडले असतील तर नवी पिन घ्या. घासून खड्डे जात नाहीत, पिन बारीक होते आणि खडखडते. बूट फाटले असतील तर पिनेबरोबर बूटही नवे. वरची आणि खालची पिन काही गाड्यांत वेगळी असते, एकीवर रबरी बाही किंवा सपाट बाजू असते, ती अदलाबदल करू नका.

ग्रीसच्या बाबतीत मात्र कंजुषी नको. बेअरिंगचं किंवा चासीचं साधं ग्रीस इथे चालत नाही. ब्रेकमधलं रबर ज्या प्रकारचं असतं ते खनिज तेलाने फुगतं. फुगलेला बूट पिनेला चावून धरतो आणि ज्या रोगावर औषध लावलं तोच रोग महिन्याभरात परत. “ग्रीस ते ग्रीस, काय फरक पडतो?” असं ऐकलं तर डबा आपला आपण आणा. सिलिकॉन ग्रीस पातळ थरात, सगळीकडे. भोकात कोंबून भरलं तर आत हवा अडकते आणि पिन परत बाहेर ढकलली जाते.

पिस्टन मागे ढकलताना

आधी बोनेट उघडून ब्रेक ऑइलची टाकी बघा. पॅड झिजत गेले तशी पातळी खाली गेलेली असते आणि कुणीतरी मधे वरून ऑइल ओतलेलं असतं. आता पिस्टन मागे गेला की ते जादा ऑइल वर येणार. टाकी काठोकाठ असेल तर स्वच्छ सिरिंजने थोडं काढून घ्या. हे ऑइल रंग खातं. बोनेटवर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. काढलेलं ऑइल गटारात ओतू नका, बाटलीत भरून गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्या.

पिस्टनवर जुना पॅड ठेवा आणि सी-क्लॅम्पने हळूहळू दाबा. सरळ, सारख्या जोराने आत गेला तर उत्तम. अडत अडत गेला, तिरका झाला किंवा त्याचा रबरी बूट फाटका दिसला तर आत गंज आहे. तेव्हा कॅलिपर किट टाकून घ्यावं लागेल. पिस्टन काढून सील बदलणं, पुन्हा ऑइल भरणं आणि ब्रेकच्या पाइपातली हवा काढणं हे काम माझ्या मते अनुभवी मेकॅनिकलाच द्यावं. तुम्हाला नेमकं काय झालंय ते सांगता आलं, एवढाही फायदा कमी नाही.

चाक सुटतच नसेल तर निपलची चाचणी

ही चाचणी बरेच जण करत नाहीत, आणि तिच्याविना कॅलिपर उगाच बदलले जातात. चाक उचलल्यावर हाताने फिरत नसेल तर कॅलिपरच्या मागचं ब्लीडिंग निपल (ऑइल आणि हवा सोडायची छोटी तोटी) पारदर्शक नळी लावून पाव फेरा उघडा. नळीतून ऑइलची चिळकांडी उडून चाक लगेच सैल झालं, तर आत दाब कोंडला होता. निपल उघडूनही चाक तसंच घट्ट राहिलं, तर अडथळा यांत्रिक आहे: पिना, पिस्टन किंवा ब्रॅकेटची खाच.

दाब कोंडला असेल तर तो कुठे? ब्रेक पुन्हा दाबून चाक अडकवा आणि या वेळी होज जिथे लोखंडी पाइपला जोडलेला आहे तो सांधा किंचित ढिला करा. तिथे ढिलं केल्यावर चाक सुटलं तर अडचण वर आहे, मास्टर सिलिंडरमध्ये (पेडलच्या जोराने ऑइल ढकलणारा भाग) किंवा पेडलला जोर देणाऱ्या बूस्टरच्या पुशरॉडच्या सेटिंगमध्ये. सुटलं नाही तर होज आतून सुजून बंद झालाय. पायाच्या जोराने ऑइल आत जातं, पण परत यायला तेवढा जोर नसतो. जुन्या गाडीत दोन्ही बाजूंचे होज एकदम बदला. ही चाचणी झाल्यावर हवा काढावीच लागते.

आणि हवा काढतानाच ऑइल पूर्ण बदलून घ्या. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि मुंबईच्या हवेत पाण्याला तोटा नाही. डॉट ३ आणि डॉट ४ हे या ऑइलचे दर्जे. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल धरल्यावर ती मर्यादा १४० वर येते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. घसटता पॅड आधीच तापलेला, त्यात खंडाळ्याचा उतार, की आत वाफ होते आणि पेडल थेट तळाला जातं. दर दोन वर्षांनी ऑइल बदलायचं आणि टाकीच्या झाकणावर जे लिहिलंय तेच टाकायचं.

चारही पॅड सारखेच, पण लवकर

आता मघाशी सोडलेला मुद्दा. पुढचे पॅड दोन्हीकडे सारखे आणि झपाट्याने झिजत असतील तर पहिला प्रश्न: मागचे ब्रेक काम करतायत का? पिकअपच्या मागच्या ड्रममध्ये लायनर (ड्रमला आतून घासणारे) झिजले, त्यांची झीज भरून काढणारा ॲडजस्टर गंजून बसला, लायनर ढकलणारा व्हील सिलिंडर जाम झाला किंवा ॲक्सलचं ऑइल सील फुटून क्राउनचं (मागच्या ॲक्सलच्या गिअरचं) ऑइल लायनरवर आलं, तर भरल्या गाडीचं सगळं ओझं पुढच्या दोन डिस्कवर येतं. खूण सोपी आहे. हँडब्रेक पूर्वीपेक्षा बराच वर ओढावा लागतो, पेडल आधी खोल जातं आणि दुसऱ्यांदा पटकन मारलं की वर येतं. हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर ड्रम खोलून गाळ साफ केल्याशिवाय मागचे ब्रेक ठीक आहेत असं धरू नका.

दुसरी गोष्ट फार कमी मालकांना माहीत असते. बऱ्याच पिकअपच्या मागच्या ॲक्सलजवळ एक व्हॉल्व्ह असतो, त्याचा दांडा ॲक्सलला जोडलेला. माल भरला की चासी खाली बसते, दांडा हलतो आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त दाब देतो. गाडी रिकामी असली की दाब कमी करतो, नाहीतर हलकी मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरेल. आता आपण काय करतो? जास्त माल भरता यावा म्हणून कमानीत (लीफ स्प्रिंगमध्ये) दोन पाटे वाढवतो. गाडी बसत नाही, ताठ उभी राहते, बघायला झकास. व्हॉल्व्हला मात्र वाटतं गाडी रिकामीच आहे. तो मागचा दाब कापत राहतो आणि दीड टन मासळी पुढचे पॅड एकटे थांबवतात.

म्हणून पाटे वाढवलेल्या गाडीचे पॅड टिकत नाहीत अशी तक्रार आली की मी आधी त्या दांड्याकडे बघतो. कधी तो गंजून जाम असतो, कधी वाकलेला, कधी कुणीतरी सोडवून तारेने बांधून ठेवलेला. सेटिंग कंपनीच्या मापाने वर्कशॉपमध्येच करून घ्या. अंदाजाने फिरवला तर पावसात रिकामी गाडी मागून घसरेल. पाटे काढून टाकणं हा खरा उपाय, पण तो कुणाला आवडत नाही.

वजन आणि वेगाचा हिशोब एकदा डोळ्यांखालून घाला. सगळं मिळून ३ टनांची गाडी ताशी ६० किमीवरून थांबवताना साधारण ४१७ किलोजूल ऊर्जा जिरवावी लागते. तीच गाडी ८० वर असेल तर सुमारे ७४०. वेग एकतृतीयांशाने वाढला, ब्रेकचं काम पावणेदोन पटींपेक्षाही वर गेलं. पहाटेच्या मोकळ्या ईस्टर्न एक्सप्रेसवर दामटवत जाऊन सिग्नलला कचकन थांबणारा ड्रायव्हर पॅड कसे खातो, याचं उत्तर इथे आहे. जादा मालाचा दंड वेगळाच: २०१९ च्या दुरुस्तीपासून २०,००० रुपये, वर प्रत्येक जादा टनाला २,०००. पुण्याला माल जात असेल तर घाटात गिअर खालचा ठेवायला सांगा. न्यूट्रलमध्ये उतरून डिझेल वाचतं हा समज ड्रायव्हर मंडळींमध्ये अजून घट्ट आहे.

“दादा, मी तर ब्रेकला पाय लावतच नाही,” असं सांगणाऱ्याच्या शेजारी बसून एकदा सायन सर्कलपर्यंत जा आणि ब्रेक लाइटकडे लक्ष ठेवायला मागच्या रिक्षावाल्याला सांगा. उजवा पाय पेडलवर टेकवून ठेवायची सवय असणाऱ्याला ती सवय आहे हे ठाऊकच नसतं.

जोडणी

ब्रॅकेटच्या खाचा वायर ब्रशने चकचकीत करा, पत्र्याच्या नव्या क्लिप बसवा. पॅडच्या कानांना आणि मागच्या पत्र्याला, जिथे पिस्टन टेकतो तिथे, ब्रेकच्याच ग्रीसचा नावापुरता थर. लायनिंगला किंवा डिस्कला ग्रीसचा हात लागता कामा नये. लागलाच तर ब्रेक क्लीनरने पुसा. झीज झाल्यावर कुरकुरणारी पट्टी ज्या पॅडवर आहे तो बहुतेक गाड्यांत आतल्या बाजूला जातो, दुसऱ्या चाकाकडे बघून खात्री करा. कॅलिपर खाली आणा, बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळण्याच्या ठरलेल्या जोराने) आवळा. नुसत्या हाताच्या अंदाजाने बोल्ट आवळणारे मेकॅनिक आहेत, त्यांचा हात तेवढा बसलेला असतो. आपला नसतो.

पॅड नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदला. एका बाजूला नवे आणि दुसरीकडे जुने ठेवले तर ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढते.

इंजिन सुरू करण्याआधी आणि गाडी हलवण्याआधी पेडल दाबत राहा, घट्ट होईपर्यंत. पिस्टन आत ढकललेला आहे, पहिले काही दाब रिकामेच जातात. हे विसरून गाडी रिव्हर्स घेतली की मागची भिंत ब्रेक लावते. मग टाकीतली पातळी बघा, चाकाचे नट समोरासमोर आवळा आणि थोडी गाडी चालवल्यावर पुन्हा एकदा तपासा.

नवे पॅड डिस्कवर बसवावे लागतात. डब्यावर कंपनीची सूचना असेल तर ती पाळा. नसेल तर रविवारी सकाळी मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १५ पर्यंत मध्यम दाबाने वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, अर्धा-एक मिनिट गाडी चालू देऊन डिस्क गार होऊ द्या आणि असं दहाएक वेळा करा. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहायचं नाही. पहिल्याच दिवशी पूर्ण माल भरून घाटात पाठवू नका.

घरी आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ तळहात न्या, स्पर्श न करता. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर डिस्कचं तापमान घ्या. पुढची दोन चाकं साधारण सारखी गरम हवीत. एक जास्त भाजत असेल तर तिकडे पॅड अजून घासतोय, आणि तो आत्ताच शोधायचा, दिवाळीला नाही. पंधरा-वीस दिवसांनी चाकं खोलून आतल्या आणि बाहेरच्या पॅडची जाडी मोजून किलोमीटरसह लिहून ठेवा. अर्ध्या मिलिमीटरचा फरक चालतो. दोन मिलिमीटरचा पडला तर पिना पुन्हा बघाव्या लागतील.

मासळीवाल्यांसाठी आणखी एक. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत गाडी दोन महिने उभी राहते, तेही हवेत सगळ्यात जास्त ओल असताना. पिना आणि ॲडजस्टर नेमके तेव्हाच धरतात. उभी करण्याआधी चाकांच्या आतली बाजू गोड्या पाण्याने धुवा आणि थोडी चालवून ब्रेक सुकवा. हँडब्रेक ओढून ठेवू नका, लायनर ड्रमला चिकटतात. गिअरमध्ये ठेवा आणि ठोकळे लावा. आठवड्यातून एकदा गाडी चार हात पुढेमागे करून पेडल दाबा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पिना काढून ग्रीस करा, गॅरेजवाल्याकडे गर्दी व्हायच्या आत.